कलबाईच्या घरचा कल

आमच्या वहिनीला अख्खं विद्यापीठ कलबाई म्हणायचं. तोंडावर नाही, पाठीमागे. विद्यार्थी मार्गदर्शन केंद्राची ती प्रमुख. कलचाचणी घेणं, हाताची आणि डोक्याची कौशल्यं तपासणं, नोकरीच्या मुलाखतीची तयारी करून घेणं, आणि पुढे काय करू म्हणून रडत आलेल्या पोरांना समोर बसवून त्यांचं ऐकून घेणं, हे त्या केंद्राचं काम. ग्रंथालयाच्या मागच्या इमारतीत, जिन्याला लागून दोन खोल्या. एकीत वहिनी बसायची, दुसरीत चाचण्या व्हायच्या, आणि बाहेरच्या बोळात टेबल टाकून मी. आलेल्या पोराचं नाव लिहून घ्यायचं, पाणी द्यायचं, आणि त्याच्या आईबापांना आत घुसू द्यायचं नाही, हे माझं काम. वहिनीनंच मला तिथं चिकटवलं असं लोक म्हणत. म्हणोत बापडे. लोकांच्या तोंडाला का कुणी झाकण लावतं?

तर घरी नणंद-भावजय आणि ऑफिसात साहेब-कारकून, असा आमचा डबल संसार. माझा थोरला भाऊ, दादा, त्याची मुलगी शाळेत असतानाच गेला. माझं लग्न जमलं नाही, की मी जमू दिलं नाही, तो विषय इथं नको. तेव्हापासून वहिनी, तिची मुलगी बिट्टी आणि मी, अशा आम्ही तिघी एका घरात. वहिनी खुशीत असली की मला नावानं हाक मारायची आणि बिनसलं की 'वन्सं' म्हणायची. पहिल्या शब्दालाच कळायचं, आज आपलं काही खरं नाही.

बाई कामाची होती, हे आधीच सांगून टाकते. पुढे मी तिच्याबद्दल बरंच वाकडं बोलणार आहे, म्हणून सरळही बोलायला हवं. एकदा एक बांधकामाचा ठेकेदार पोराला घेऊन आला. माझं न ऐकता थेट आत शिरला. पोराला धंद्यातच घालायचंय, तुम्ही फक्त कोणता कोर्स ते सांगा, म्हणाला. पोरगा मागे उभा, बुटांकडे बघत.

"मुलाला काय वाटतं?" वहिनीनं विचारलं.

"त्याला काय वाटायचंय? त्याला अजून धड मिसरूड फुटली नाही."

"मग पुढं लग्नही त्याच्या वतीनं तुम्हीच करा," वहिनी म्हणाली आणि त्याला बोळात माझ्याकडे पाठवून दिलं. पोराला रुग्णसेवेत जायचं होतं. गेला. बापानं कित्येक वर्षं आमच्या नावानं बोटं मोडली. पुढे स्वतः ऑपरेशनला आडवा झाला तेव्हा त्याच पोरानं त्याचं सगळं केलं, तेव्हा कुठं गप्प बसला. अशी किती पोरं सांगू. वहिनीचं एकच पालुपद असायचं, मुलाला विचारलंत का? भाषणात तेच, वर्तमानपत्राच्या पुरवणीत तेच, फोनवर तेच. मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी म्हणून दाखवलं असतं.

आता घरचं सांगते. केंद्रात नवीन चाचणी आली की वहिनी ती आधी घरी आणायची. पोरांना देण्याआधी सूचना कळतात का, वेळ पुरतो का, हे बघायला तिला कुणीतरी लागायचं, आणि ते कुणीतरी म्हणजे बिट्टी. लाकडी ठोकळे, अर्धवट आकृत्या, खुंट्या पटापट भोकांत बसवायची पाटी, आणि मग त्या विधानांच्या पुस्तिका. 'मला अनोळखी माणसांशी बोलायला आवडतं.' 'मला बंद पडलेली वस्तू उघडून बघावीशी वाटते.' हो, नाही, सांगता येत नाही. बाकीच्या पोरी गोष्टींची पुस्तकं वाचत मोठ्या झाल्या, आमची ही वाचून मोठी झाली.

एकदा पुस्तिकेत विधान होतं, 'मी आयुष्यात कधीही खोटं बोलले नाही.' बिट्टी तेव्हा माझ्या कमरेएवढी. पेन्सिल चावत म्हणाली, "आत्या, ह्याला हो म्हणायचं नसतं. हो म्हटलं की त्यांना कळतं पोरगं थापा मारतंय." वहिनी इतकी हसली, इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी केंद्रभर सांगत सुटली. मीही हसले. पोर हुशार आहे, यात रडण्यासारखं काय होतं?

पण एक गोष्ट तेव्हाही मला टोचायची. दिवसभर लोकांची रडगाणी ऐकून वहिनीचे कान किटलेले असायचे. घरी आली की डोक्याला पट्टी बांधून पडायची. बिट्टी शाळेतलं काही सांगायला लागली की म्हणायची, "बाळा, थोडं थांब हं." ते थोडं काही संपायचं नाही. फक्त नवीन चाचणी आणली की ती पट्टी सोडायची, समोरासमोर खुर्ची ओढायची, हातात घड्याळ घ्यायची आणि पोरीच्या चेहऱ्यावरची नजर हलवायची नाही. पोरीला आई मिळायची ती तेवढीच. मी दोनदा बोलून दाखवलं. दोन्ही वेळा मी वन्सं झाले.

बिट्टीला वेड होतं लिफ्टचं. आमच्या इमारतीची लिफ्ट म्हणजे रडतराऊत, चार दिवस चालायची आणि आठ दिवस लोळायची. दुरुस्तीला एक बुटका मेकॅनिक यायचा, बोलायला फटकळ पण हाताचा गुणी. तो आला की बिट्टी अभ्यास टाकून गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत. त्याला बॅटरी धरून उजेड दाखवायची, पाना दे म्हटलं की नेमका तोच पाना द्यायची. खाली आली की कपडे तेलानं माखलेले आणि तोंडाला खळ नाही. दोर कुठं घासतो, दार लागलं नाही तर लिफ्ट का हलत नाही, ब्रेक कसा धरतो. मला ओ की ठो कळायचं नाही, पण ऐकायला मजा यायची. पोरगी अशी फुललेली मी एरवी कधी बघितली नाही.

वहिनीनं तिला कधी अडवलं नाही हो. तसा तिच्यावर आरोप करता येणार नाही. तिनं फक्त एकदा "बरं" म्हटलं.

झालं असं. बिट्टी बारा-तेरा वर्षांची असेल. वहिनीनं आवडीनिवडीची एक मोठी चाचणी आणली होती. उत्तरं मोजून तिनं आलेख काढला. कला, सामाजिक, कारकुनी, यांत्रिक, असे उभे रकाने. "कारकुनी म्हणजे आत्या ना?" बिट्टीनं विचारलं, आणि मी तिला चापट दाखवली. यांत्रिकचा रकाना सगळ्यात उंच, पार टोकाला. सामाजिक, म्हणजे माणसांत राहून माणसांसाठी करायचं काम, ते तळाशी. बिट्टी आईकडे बघत उभी होती. वहिनीनं आलेख बघितला, "बरं" म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली. रागावली नाही, नाराजही दिसली नाही. तिला त्यावर बोलायला काही सुचलंच नाही, एवढंच.

पुढच्या खेपेला यांत्रिक खाली आलं होतं आणि सामाजिक वर. त्या दिवशी वहिनीनं शेजारणीला बोलावून आलेख दाखवला. पोरीला जवळ घेतलं. "माझ्यावर गेली," म्हणाली. मला वाटलं, पोरीचं मन बदललं असेल. ह्या वयात आज एक तर उद्या दुसरं, असं असतंच.

विद्यापीठात विषय निवडायची वेळ आली तेव्हा वहिनी नियमाला चिकटली. ह्या धंद्याचा एक नियम असतो, घरच्या माणसाचं मार्गदर्शन आपण करायचं नाही. वहिनी म्हणाली, मी तिच्याशी एक अक्षर बोलणार नाही. केंद्रातले चाचण्या घेणारे सर होते, कमी बोलणारे, सज्जन. त्यांच्याकडे बिट्टीला रीतसर बसवलं. निकाल आला, समुपदेशन. दुसरा विचारच नको इतका स्पष्ट. वहिनी त्या दिवशी रडली. "मी काही लादलं का? सांग, लादलं का?" मला दहादा विचारत होती. मी म्हटलं, नाही गं बाई. आणि ते खरंच होतं. कुणी लादलं असतं तर पोरीला निदान भांडता आलं असतं.

बिट्टी मानसशास्त्र शिकली, पुढचंही शिकली, उमेदवारीला आमच्याच केंद्रात आली आणि मग तिथंच नोकरीला लागली. काम उत्तम करायची. पोरं तिच्याकडे बसायला रांग लावायची. पण घरी आली की आईसारखीच आडवी व्हायची. हसणं तर तिनं कधीच सोडून दिलं होतं. तरुण पोरगी आणि चेहरा कसा, कुणीतरी रोज उशिरा पगार देतंय असा. मी वहिनीला म्हटलं, हिचं काहीतरी बिघडलंय. वहिनी म्हणाली, हे कामच दमवतं, मलाही सुरुवातीला असंच व्हायचं.

मग वहिनीच्या निवृत्तीचं वर्ष आलं. तिच्या जागेची जाहिरात निघाली. बिट्टीनं अर्ज करायचा, मुलाखत द्यायची आणि आईच्या खुर्चीत बसायचं, हे घरात कुणी न बोलता ठरून गेलं होतं. वशिल्याची गरज नव्हती. सरांना ती खुर्ची नको होती, आणि तिच्या तोडीचं दुसरं कुणी नव्हतंच. मुलाखत सोमवारी.

त्याच्या आधीच्या आठवड्यात मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. बिट्टी आली आणि पाण्याच्या टाकीला टेकून उभी राहिली.

"आत्या, लिफ्टच्या कंपनीत शिकाऊ घेतायत. दुरुस्तीच्या कामाला. मी गुपचूप परीक्षा दिली. पास झाले."

माझ्या हातातली चादर हातातच राहिली. "कधीपासून?"

"सोमवारपासूनच. वयाची अट आहे, पुढच्या वर्षी नाही घेणार."

"अगं, मग ती चाचणी? ते समुपदेशन आलं होतं ते?"

तिनं माझ्याकडे बघितलं. कीव केल्यासारखं. "आत्या, मला त्या चाचण्या पाठ आहेत. कुठलं उत्तर कुठल्या रकान्यात जातं ते मला शाळेपासून माहीत आहे. आईला जो रकाना उंच बघायचा होता तो मी उंच केला. ती माझ्याकडे नीट बघायची ती तेव्हाच ना. दुसरं कधी बघायची?"

मला रडू आलं. तिला नाही आलं. ती म्हणाली, "मला तिची परवानगी नकोय. मी काय लहान आहे? मला ती खुश व्हायला हवीय. नुसतं बरं म्हणाली तर मी नाही जाऊ शकणार." काय म्हणावं ह्याला? एवढी शिकली-सवरलेली पोर, दुसऱ्यांच्या गाठी सोडवते, आणि स्वतःची एक गाठ सुटेना. मीच सांगते तुझ्या आईला, म्हटलं.

संध्याकाळी ओट्यापाशीच सांगून टाकलं, सगळं. वहिनी भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवली.

"चाचणी पाठ होत नसते, वन्सं."

"तुझ्या पोरीला झालीय."

"ती घाबरलीय. मुलाखतीच्या आधी होतं असं. मी रोज बघते." तिनं सुरी पुन्हा उचलली. मग म्हणाली, "ठीक आहे. तिचं समाधान होऊ दे. पुन्हा घेऊ. संगणकावरची नवीन आलीय, ती तिनं बघितलेली नाही. खरी उत्तरं दे म्हणावं. जे येईल ते मला मान्य."

ऐकलंत? पोर येऊन सांगतेय मला काय हवंय ते, आणि आई म्हणते चाचणी घेऊन बघू. घराला आग लागली तर ही बाई आधी तापमान मोजेल. पण बिट्टीला पटलं. तिचे डोळे चमकले, इतक्या वर्षांनी. "आई मान्य करेल म्हणाली?" दोनदा विचारलं. जे येईल ते मान्य, म्हणजे खरं लिहायचं की सुटली पोर.

शुक्रवारी केंद्र बंद झाल्यावर सरांनी तिला बसवलं. मी बोळात, वहिनी तिच्या खोलीत. बराच वेळ झाला. नेहमीची पोरं ज्या वेळात उठतात त्याच्या दुप्पट झाला असेल. बिट्टी बाहेर आली तेव्हा चेहरा पांढराफटक. माझ्या टेबलाचा कोपरा धरून उभी राहिली.

"आत्या, येईना गं."

"काय येईना?"

"खरं उत्तर. प्रश्न वाचला की तो कुठल्या रकान्याचा ते आधी दिसतं. मग आई दिसते. मला काय आवडतं, ते मधे कुठं सापडतच नाही. मी लिफ्ट, लिफ्ट म्हणतेय, पण ते तरी खरं का? ते तरी माझं का?"

मी तिला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. दुसरं काय देणार?

निकाल तोच आला, समुपदेशन. सर कागद घेऊन वहिनीकडे गेले. दार उघडं होतं. "मॅडम, हा मी निकाल म्हणून देणार नाही," म्हणाले. "जन्मभर सराव झालेल्या माणसावर हे चालत नाही. तुम्हीच शिकवलंय आम्हाला." वहिनी म्हणाली, "ठीक आहे, तुम्ही जा." कागद पर्समध्ये घालून घरी आली आणि बिट्टीपुढे ठेवला.  बिट्टीनं वाचून घडी घातली.

शनिवारी मी तोंड सोडलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, म्हटलं. "जगातल्या आईबापांना विचारत आलीस ना, मुलाला विचारलंत का? तू विचारलंस? एकदा तरी? पेन्सिल नाही, घड्याळ नाही, कागद नाही. नुसतं विचार तिला."

"तुम्हाला काय कळतं वन्सं ह्यातलं," ती म्हणाली. पण आवाज बसला होता. मग पलंगावर बसली आणि हळूच बोलली, "आणि ती नाही म्हणाली तर? माझ्यामागं तिथं कोण? कुणीतरी परकं येऊन बसेल. मी घरी बसून काय करू?" तेव्हा मला कळलं की बाईला लिफ्टचं काही वाटत नव्हतंच. पोरगी त्या खुर्चीत बसली की आपण निवृत्त झालोच नाही, असा तिचा हिशोब होता. मला तिची दयाही आली आणि राग तर इतका आला की मी जेवले नाही.

रविवारी दुपारी जेवायला बसलो. वहिनीनं वाढलं, स्वतःचं ताट घेतलं, आणि घास तसाच हातात धरून म्हणाली, "बिट्टी, खरं सांग. तुला काय करायला आवडेल?"

 विचारलं होतं बाईनं. मानलं मी तिला त्या क्षणी.

बिट्टीनं मान वर केली. उत्तर द्यायच्या आधी तिनं आईच्या चेहऱ्याकडे बघितलं. नीट बघितलं, डोळे, ओठ, सगळं. वहिनी हसायचा प्रयत्न करत होती, पण ओठ थरथरत होते. बिट्टीनं ते वाचलं. मग म्हणाली, "हेच गं आई. हेच आवडतं मला. मी उगाच घाबरले होते."

आता मी सांगते ते नीट ऐका. जिनं सगळी नोकरी पोरांचे चेहरे ओळखण्यात घालवली, पोर बापाच्या मनातलं बोलतंय की स्वतःच्या, हे जिला बोळातल्या त्याच्या पावलांवरून कळायचं, त्या बाईला हे कळलं नाही असं मला कुणी सांगू नये. तिला कळलं. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि लगेच नजर काढली. तिनं एवढंच म्हणायला हवं होतं, खोटं बोलतेस तू, जा तुझ्या लिफ्टकडे. दुसऱ्याच्या पोराला तिनं हे दारातच सांगितलं असतं.

तिनं हातातला घास खाल्ला. पाणी प्याली.

"मग उद्या तो निळा ड्रेस घाल," म्हणाली. "मी इस्त्री करून ठेवते."

बिट्टी म्हणाली, "हो आई." आणि वहिनीनं हात धुऊन खरंच इस्त्री लावली.